लिंबाखालून आत आलेला तंबोरा

भूकंपानंतर मी देवापुढे दिवा लावणे थांबवले नव्हते. त्याच्याशी बोलणे थांबवले होते. दत्तमहाराजांच्या तसबिरीला फूल वाहायचे, हात जोडायचे आणि काही न मागता कॉलेजला निघायचे, असा माझा क्रम होता. मागण्यासारखे काही नव्हते असे नाही. त्या पहाटे माझे सासरे त्यांच्या गावी घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडले गेले, आणि ते दगडमातीचे ढिगारे पाहून आल्यापासून माझी पत्नी लातुरातल्या आमच्या घरातही छताखाली टेकेना. चूल अंगणात, अंथरूण अंगणातल्या पत्र्याखाली. उशाशी पातेल्यावर तांब्या आणि तांब्यावर उपडा पेला अशी उतरंड. जमीन हलली तर ती आधी कोसळेल आणि जाग येईल, हा तेव्हा घरोघरचा उपाय होता. पुढे इतरांनी आपापल्या उतरंडी मोडल्या. आमची तशीच राहिली. शहरात शिकवण्यांचे दिवस आले, परगावच्या मुलांना खोल्या देण्यासाठी शेजाऱ्यांनी मजल्यावर मजले चढवले, आणि त्या सगळ्या स्लॅबांच्या मधोमध माझी पत्नी पत्र्याखाली खोकत राहिली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की आणखी एक पावसाळा हिने असा ओलीत काढला, तर छाती साथ देणार नाही.

पुढे जे घडले, त्याच्या नाना कथा आज ऐकू येतात. मुरुडला राहणारे माझे मेहुणे सत्संगात सांगतात, की नांदेडच्या मैफलीत गाणे चालू असताना छत हलले आणि गाणाऱ्या बुवांनी हात वर करून ते थांबवले. मी त्यांना भर सत्संगात म्हणालो, की काही हलले नव्हते. तर म्हणतात, “दाजी, तुमाला कसं दिसंल? तुमची श्रद्धाच कमी.” श्रद्धा कमी असेल, नजर कमी नव्हती. त्या मैफलीचे संयोजक सांगतात, की बुवांना तिची हकीकत कळली आणि त्यांनी करुणेने तिला आत बोलावले. हेही खोटे आहे. बुवांना काहीही कळलेले नव्हते. मानसशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी होते, ते म्हणत, भीती कालांतराने ओसरतेच. ओसरायची होती, तर इतकी वर्षे कशाची वाट पाहत होती, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मी तिथे होतो. जे पाहिले तेवढेच लिहितो.

बुवांचे गाणे मी तरुणपणी रेडिओवर ऐकले आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणाचे माझ्या मनात बसले नाही. ते नांदेडला रविवारी सकाळी गाणार असे कळले, तेव्हा ते थकले होते. पुन्हा आमच्या भागात येतील असे वाटत नव्हते. पत्नीला एकटी ठेवणे शक्य नव्हते. तिला विचारले, तर म्हणाली, “येते की. मी भाईर बसंन, तुमी आत ऐका.” एसटीला तिची हरकत नसे. गाडी पडली तर आपल्यासंगं पडंल, आपल्यावर न्हाई, असे तिचे शास्त्र होते.

मैफल एका क्लासच्या नव्या सभागृहात होती. बाके भिंतीशी सारून सतरंज्या घातल्या होत्या, आणि फळ्यावर आदल्या दिवशीचे गणित तसेच होते. ते सोडवताना कोणीतरी चिन्हाची चूक केली होती, हेही मला आठवते. पत्नी मागच्या अंगणात लिंबाच्या पारावर बसली. मी पुढची जागा सोडून खिडकीशी बसलो, म्हणजे तिच्यावर लक्ष राहील.

आत माइकची तपासणी आणि पंख्यांची घरघर चालली होती, म्हणून बुवा स्वतःचे दोन्ही तंबोरे घेऊन अंगणात आले आणि पारावर बसून जुळवू लागले. परगावच्या गवयाला तंबोऱ्याच्या साथीला त्या भागातले कोणीतरी द्यायची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी कंधारहून एक बाई यायच्या होत्या, आणि त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. बुवांना ते ठाऊक नव्हते. पारावर नऊवारीतली एक प्रौढ बाई शांत बसलेली दिसली, आणि त्यांनी आपल्या मनाशी काय ते ठरवून टाकले.

“लवकर आलात, बरं झालं,” ते म्हणाले आणि एक तंबोरा तिच्या पुढ्यात धरला. “जरा छेडत राहा. षड्ज ढिला वाटला की सांगा.”

माझे सासरे भजनी मंडळाचे. लहानपणी त्यांच्यामागे तंबोरा घेऊन हीच बसायची. ते गेल्यापासून तिने तारेला बोट लावले नव्हते. मी खिडकीतून पाहत होतो. आयुष्यभर मी चूक दिसली की दुरुस्त केली आहे. विद्यार्थ्यांची, प्राचार्यांची, लग्नपत्रिकांचीही. खिडकीतून फक्त एवढेच म्हणायचे होते, की बुवा, त्या साथीदार नव्हेत, माझ्या पत्नी आहेत. मी तोंड उघडले. आणि शब्द आला नाही. घशाला काही झाले नव्हते. कोणीतरी खांद्यावर हात ठेवून ‘असू दे’ म्हणावे, तसे काहीसे झाले; याहून जास्त मी सांगणार नाही, कारण मला याहून जास्त ठाऊक नाही.

तिने बोटे पदराला पुसली आणि तंबोरा मांडीवर घेतला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “खर्ज उतरलाय, बुवा.” बुवांनी कान लावला, खुंटी पिळली. “चला,” म्हणाले, “खुंट्यांना धक्का लागू देऊ नका.”

जुळलेला तंबोरा नेणाऱ्याचे सगळे चित्त त्या तंबोऱ्यातच असते. तो उभा धरून, दारातून तिरपा न होऊ देता, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत ती बुवांच्या मागे येऊन बसली. बुवांनी तोडीचा स्वर लावला. बऱ्याच वेळाने तिने मान वर करून छताकडे पाहिले. तिचे बोट मात्र तारेवरून तसेच फिरत राहिले. मग तिने मान खाली घातली आणि डोळे मिटले. कंधारच्या बाई मध्यंतरात धापा टाकत आल्या, क्षणभर पाहिले आणि न बोलता श्रोत्यांत बसल्या. त्यांनाही माझा नमस्कार.

लातूरला परतलो, तेव्हा उन्हे कलली होती. तिने उतरंडीवरचा पेला उचलला, विसळला आणि त्यात मला पाणी दिले. मग अंथरुणाची वळकटी उचलून आत नेली. मी दत्तमहाराजांपुढे उभा राहिलो, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्याशी बोलायला गेलो, तर सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्यानंतर तिला पुष्कळ पावसाळे लाभले. आता ती नाही. ते सभागृह पाडून तिथे मुलांचे वसतिगृह उभे आहे, लिंबही गेला. मी तर्क पुष्कळ केले. देवाची कृपा म्हणायची, तर ती एका म्हाताऱ्या गवयाच्या चुकीतून आली. ती चूक कोणी दुरुस्त केली नाही, एवढेच कृपेला पुरले. आपण हात मागे घेतला, तरच काही कामे देवाच्या हाती लागतात, असे मला आता वाटते.

एकदा मेहुण्यांशी कडाडून वाद घालून घरी आलो, तेव्हा मी तिला विचारले होते, “बुवा चुकले हे तुला कळलं होतं ना? मग सांगितलं का नाहीस?”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी तरी कुठं सांगितलं? खिडकीतून बघत व्हता की. मला वाटलं, आता वरडतेत, मग वरडतेत. तुमी गप बसलात. तवाच म्हनलं, आज देव हितं हाय, आत जायाला हरकत न्हाई.”

सगळ्यांच्या कथा मी खोडून काढल्या. हिची तेवढी तशीच ठेवली आहे.