मागच्या खोलीतली मेंढपाळीण

सांगलीतल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत आजवर पुष्कळ भाडेकरू राहून गेले. त्यांत एक पैलवान होता, एक निवृत्त सुभेदार होते. पण या सगळ्यांना धीटपणात खिशात घालील अशी होती ती आटपाडीकडची नऊ वर्षांची मुलगी. रक्ताच्या कॅन्सरवर इथल्या इस्पितळात उपचार घ्यायला ती आजोबांबरोबर आली होती. घरी मेंढरांचा मोठा कळप, आणि तिच्या मते जगातलं सगळं शहाणपण त्या मेंढरांपाशीच होतं. पहिल्याच दिवशी तिनं मला "मास्तर, आ करा" असं फर्मावलं, मेंढराचं वय बघतात तसे माझे दात निरखले आणि आजोबांना सांगितलं, "लय झिजल्यात, पर आजून धा पावसाळं काढत्याल." इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनाही तिनं सोडलं नाही. पुढे पुढे ते बिचारे तिच्या खाटेपाशी तोंड घट्ट मिटूनच येत, असा मला दाट संशय आहे.

लोकर कातरताना मेंढरू हललं की त्याला कातर लागते, हे तिचं मुख्य तत्त्व. त्यामुळे सुई कितीही मोठी असो, ही बाई ढिम्म हलायची नाही. मला कुत्रा चावला तेव्हा इंजेक्शनाला तीच मला धीर द्यायला सोबत आली. साठी उलटलेला मी, सुई बघताच खुर्चीसकट मागं सरकलो. "मास्तर, हलायचं न्हाई," ती सगळ्यांदेखत ओरडली, "हलनाऱ्या मेंढरालाच कातर लागती!"

औषधानं केस गळणार, असं कळल्यावर तिनं हुकूम सोडला: गळायच्या आधीच कातरायचे, तेही आजोबांनी आणि मेंढरांच्याच कातरीनं. "मेंढराची लोकर परत येती का न्हाई? मग!" डॉक्टरांनी कातर उकळून घ्यायला सांगितली, ती माझ्या चहाच्या पातेल्यात उकळली गेली. अंगणात घोंगडं अंथरलं. उभा जन्म मेंढरं कातरलेल्या म्हाताऱ्याचा हात लटलट कापायला लागला. ती मान खाली घालून म्हणाली, "आज्या, मी हलत न्हाई. आता तू बी हलू नगंस." मी चहाचं निमित्त करून आत गेलो आणि पोटभर रडलो.

उपचार संपवून ती गावी गेली. तपासणीला येते तेव्हा उतरायला हवी, म्हणून खोली मी कुणाला दिलेली नाही. गेल्या खेपेला रिपोर्ट यायला फार उशीर झाला. बाकावर आजोबा नुसते जमिनीकडे बघत होते, मी चुळबुळत होतो. तिनं माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. बोटभर केस आले होते, चांगले दाट, राठ.

"बगा, आली का न्हाई लोकर?"

"आली की," मी म्हणालो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की हाताखाली ती कापत होती. अगदी बारीक, पण सगळ्या अंगानं.

"हलायचं न्हाई," मी हळूच म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली.

रिपोर्ट चांगला आला. पण नर्सबाई हसत बाहेर येईपर्यंत मी तो हात काढला नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच जागचा हललोही नाही.