इथंच व्हतो

त्या प्रकरणाला बरीच वर्षे लोटली. चोरी साधी, तपास जेमतेम आठवडाभराचा. नोकरीतली मोठमोठी प्रकरणे विसरलो, हे मात्र डोक्यातून जात नाही.

नव्वदचे दशक संपत आले होते. मनमाडच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. एका बुधवारी भरदुपारी एका बागायतदाराच्या घरातून बायकांचे दागिने गेले. घरचे सगळे कांदालावणीला शेतावर होते. संध्याकाळी मी स्वतः जाऊन पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पोलीस पाटलांनी खबर दिली की माळावर पारध्यांची पालं पडली आहेत, आणि त्यांच्या म्होरक्याचे नाव सांगितले. तेवढ्यावर आमचा तपास संपल्यात जमा होता.

आमचे हवालदार जुने, कामाला पक्के. त्यांनी कपाटातून हिस्ट्रीशीटचे बाड काढले आणि ते नाव शोधले. मूळ पान त्याच्या बापाचे. बाप वारल्यावर खाली मुलाचे नाव चढवले आणि शेरा तसाच ठेवला: 'पिढीजात गुन्हेगार'. गुन्ह्यांचा रकाना दोघांचाही कोरा होता.

"रक्तातच असतं ते, साहेब," हवालदार म्हणाले. मी मान डोलावली, हे कबूल करतो.

काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी केला होता. स्वातंत्र्यानंतर तो रद्द झाला. आमच्या कपाटातून मात्र तो गेला नव्हता.

दुपारी त्या म्होरक्याला ठाण्यात आणले. चाळिशीचा, हडकुळा माणूस. हवालदारांनी आल्या आल्या दोन ठेवून दिल्या. मी पाहिले आणि गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते. बुधवारी कुठे होतास, या प्रश्नाला त्याचे एकच उत्तर होते, "इथंच व्हतो, साहेब." दहा वेळा विचारले तरी तेच. हवालदारांनी जबाबात लिहून टाकले की घटनेच्या दिवशी गावात असल्याचे कबूल करतो. अटकेचे कागद तयार झाले, फक्त माझी सही राहिली. बाहेर फिर्यादीचे भाऊबंद जमले होते, वरून दोनदा फोन येऊन गेला होता. फाटकाशी त्याची बायको बसून होती. पारध्याला जामीन राहायला गावात कोण पुढे येणार? एकदा आत गेला की कित्येक महिने गेले असते.

सही करण्याआधी कागद पुन्हा वाचायची मला सवय. पंचनाम्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत. म्हणजे कुलूप किल्लीने उघडले होते. या घरची किल्ली कुठे ठेवतात, हे पालावरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पेन खाली ठेवले आणि त्याला विचारले, "इथंच म्हणजे कुठं?"

त्याने व्हरांड्याकडे बोट केले. "त्या बाकड्याशेजारी, भुईवर. सकाळधरनं दिस मावळंस्तोवर. हजेरी द्याया आल्तो."

इंग्रजांच्या त्या कायद्यात मुक्काम हलवला की चौकीत हजेरी द्यावी लागे. आज्याने बापाला शिकवले, बापाने याला. कायदा गेल्याचे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मी स्टेशन डायरी मागवली. बुधवार, सकाळी साडेदहा: 'एक पारधी इसम हजेरीस आला, थांबवून ठेवले.' सायंकाळी सहा: 'सोडले.' समासात अंगठा घेतलेला. त्याच्या अंगठ्यावर जुना आडवा व्रण होता आणि ठशातही तीच आडवी रेघ उमटली होती. नोंद हवालदारांच्या हातची. लिहिताना त्यांनी ना नाव विचारले होते, ना तोंड वर करून पाहिले होते. त्या दिवशी मीही त्या बाकड्यासमोरून दोनदा गेलो होतो.

अटकेचे कागद मी फाडले आणि तपास पुन्हा पंचनाम्यापासून सुरू केला. किल्लीची जागा घरातल्यांनाच माहीत होती. तीन दिवसांत फिर्यादीचा पुतण्या हाती लागला. दागिने मनमाडला एका सराफाकडे सापडले, ते पंचांसमक्ष जप्त केले. मग तेच भाऊबंद माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. पोरगं चांगल्या घरातलं आहे, चुकलं त्याचं, मिटवून टाका, म्हणाले. त्याच चोरीला पुतण्याच्या बाबतीत चूक म्हणतात आणि पारध्याच्या बाबतीत रक्त. मी दोषारोपपत्र पाठवले.

हिस्ट्रीशीटचे ते पान बंद करावे म्हणून वरिष्ठांना अहवाल दिला. जुने अभिलेख जतन करावेत, असे उत्तर आले. पुन्हा दिला. तिसऱ्या अहवालानंतर पान बंद झाले. तपासात कागदाला फार मान असतो, पण तो कागद कुणी, कधी आणि कुणाविषयी काय मनात धरून लिहिला, हे विचारायला मी तिथून पुढे शिकलो.

त्याला सोडले ती संध्याकाळ मात्र अजून सलते. डायरीत या खेपेला त्याचे पूर्ण नाव मी स्वतः लिहिले. मग सांगितले की तो कायदा कधीच गेला, आता हजेरी द्यायला येत जाऊ नकोस.

तो फाटकापर्यंत गेला, बायकोशी काही बोलला आणि परत आला.

"हजेरी बंद करू नका, साहेब," तो म्हणाला. "त्या दिशी मी तुमच्या दारात नसतो, तर मी कुठं व्हतो हे तुमी कुणाचं ऐकून मानलं असतं?"