चौकातल्या फळ्यावरचा कप्तान

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत माणूस मेला तो मेला केव्हा म्हणायचा? डॉक्टरनं सांगितलं तेव्हा नव्हे. धर्मपाल पेंटरनं चौकातल्या फळ्यावर त्याचं नाव लिहिलं, की मग. बायका दळण घेऊन जाताना तिथं थांबत, वाचत, हळहळत आणि पुढे जात. धर्मपाल तायडे हा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्सनं त्याचा धंदा खाल्ला, पण फळा त्याच्याकडेच राहिला. तसं अक्षर मशीनला काढता येत नाही, आणि फुकटात तर मुळीच नाही.

त्या फळ्याचा एक नियम होता, खुद्द धर्मपालनं घातलेला. मेलेल्याच्या घरचं माणूस स्वतः येऊन सांगेल तेव्हाच खडूला हात लावायचा. शेजाऱ्यानं सांगितलं, पुढाऱ्यानं सांगितलं, चालणार नाही. तीस वर्षं त्यानं हा नियम पाळला. आणि मोडला तो नेमका अशा माणसासाठी, ज्याच्यावर त्यानं जन्मभर जीव लावला होता.

हा माणूस कोण, ते आधी ऐका. नव्वद साली दर रविवारी सकाळी नऊ वाजता टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, ‘दूर गगन के पहरेदार’. थर्माकोलचं यान, डब्यांच्या झाकणांची बटणं, दोरीला लोंबणारे ग्रह. आजची पोरं पाहतील तर हसून हसून लोळतील. त्यात विश्राम देवधर नावाचा नट कॅप्टन सोमेश व्हायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी, यानाचं दार लावण्याआधी, तो एकेकाचं नाव घ्यायचा आणि विचारायचा, ‘कोई छूटा तो नहीं?’ नावांची सुरुवात व्हायची यान झाडणाऱ्या म्हाताऱ्यापासून, आणि त्याला कप्तान ‘जी’ लावायचा. धर्मपालचा बाप भातकुलीकडे लोकांच्या वावरात राबून राबून गेला. त्याला ‘जी’ तर सोडाच, कुणी धड नावानं हाक मारली नाही. सत्तावीस वर्षांचा धर्मपाल रेल्वे क्वार्टरच्या खिडकीबाहेर उभा राहून ती मालिका पाहायचा आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसायचा. लोक म्हणत, पोरगं येडं झालं. म्हणोत बापडे.

मालिका वर्षभरात आटोपली. देवधर पुढे फारसा कुठं दिसला नाही. जगानं सोडला, पण धर्मपाल आणि चौकातले चहावाले खुशालराव, या दोघांनी काही त्याला सोडलं नाही. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला खुशालराव चौकाला चहा पाजत आणि धर्मपाल फळ्यावर कप्तानाचा चेहरा काढी. तो चेहरा त्याच्या बोटांत इतका बसला होता, की अंधारातही काढला असता.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये अकोल्याच्या कुण्या ग्रुपवरून खुशालरावांच्या मोबाइलवर मेसेज आला, विश्राम देवधर गेले. धर्मपालला नियम आठवला, नाही असं नाही. पण म्हणाला, त्यांच्या घरचं कोण येणार आहे बडनेऱ्याले सांगाले? आणि घेतला खडू. चार तास लागले. पांढऱ्यानं चेहरा, निळ्यानं यान, खाली ‘भावपूर्ण आदरांजली’. खुशालरावांनी फोटो काढून फेसबुकवर टाकला, त्याखाली स्वतःचा नंबरही दिला. फोटो गावभर फिरला, मग गावाबाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडून म्हातारा, घोगरा आवाज म्हणाला, ‘‘मी विश्राम देवधर बोलतोय, पुण्याहून. मी गेलो, हे मला तुमच्याकडूनच कळलं.’’

खुशालरावांनी फोन धर्मपालच्या हातात दिला. जित्या माणसाला आपण मारलं, या विचारानं तो ढसाढसा रडला. माफी मागितली, फळ्याचा नियम सांगितला, तो आपण कसा मोडला तेही सांगितलं. पलीकडचा माणूस हसत होता. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तुम्ही माझं भलंच केलंत, म्हणाला. आणि वर म्हणाला, ‘‘डोळे फार सुंदर काढलेत हो. खरंच जाईन तेव्हा पुन्हा काढा. पण आधी फोन करून खात्री करून घ्या.’’

थट्टा होती ती. पण धर्मपालसाठी कप्तानाचा शब्द म्हणजे शब्द. त्या आठवड्यापासून दर रविवारी, बरोबर नऊला, तो पुण्याला फोन लावू लागला. ‘कोई छूटा तो नहीं?’ हा विचारणार. ‘हाजिर!’ तिकडून उत्तर. मग पुण्याची थंडी, बडनेऱ्याचं ऊन, गुडघे, दुर्गाबाईनं केलेली पातोडीची भाजी. दुर्गाबाई म्हणजे धर्मपालची बायको; ती लांबूनच नमस्कार सांगायची. देवधरांना बायको-मूल नव्हतं. रागिणी नावाची भाची येऊन-जाऊन असे. एकदा धर्मपालनं भीत भीत व्हिडिओ कॉलचं विचारलं. देवधर म्हणाले, नको, तुमच्याकडे आहे तो चेहरा चांगला आहे, तोच ठेवा. धर्मपालला वाईट वाटलं, पण त्यानं पुन्हा विचारलं नाही.

त्याच सुमारास त्याचा उजवा हात थरथरू लागला. अमरावतीच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. फळ्यावरची अक्षरं नागमोडी जाऊ लागली. लोकांना दिसत होतं, पण कुणी बोललं नाही. कप्तानाला त्यानं हे कळू दिलं नाही. एकच घोर त्याला लागला होता. शब्द दिलाय, आणि वेळेवर हातच चालला नाही तर? रोज पाटी घेऊन तो कप्तानाचे डोळे काढून बघे. कधी जमत, कधी नाही.

‘‘काहून त्या हाताले छळून राहिले तुमी?’’ दुर्गाबाई म्हणे. ‘‘कप्तान अजून ठणठणीत हायेत.’’

यंदाच्या जानेवारीत, एका गुरुवारी, पुन्हा तोच मेसेज आला, विश्राम देवधर गेले. पेपरातही आतल्या पानावर चार ओळी होत्या. खुशालराव पेपर घेऊन धावत आले. धर्मपालनं वाचलं, घडी घातली आणि परत दिला. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं, म्हणाला. पुण्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. शुक्रवारी वाजला, शनिवारी वाजला. खुशालराव शेवटी चिडले, पेपरवाले काय खोटं छापून राहिले का म्हणाले. धर्मपालचं एकच, घरचं माणूस सांगन तवा. मनातून त्याला कळून चुकलं होतं हो. पण आशा मोठी चिवट असते.

रविवारी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि नऊला फोन लावला. उचलला गेला! एका दमात त्यानं विचारलं, ‘‘कप्तान, कोई छूटा तो नहीं?’’

पलीकडून एका बाईचा आवाज आला. ‘‘काका, मी रागिणी. मामा बुधवारी गेले. फोन घरीच पडून होता, आम्ही सगळे दवाखान्यात, मग इकडेतिकडे. पण आज नऊला मी मुद्दाम येऊन बसले. मामांनी बजावून ठेवलं होतं, बडनेऱ्याला घरच्या माणसानंच सांगायचं म्हणून.’’

धर्मपालनं फोन ठेवला, खडूंचा डबा घेतला आणि चौकात गेला.

डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यानं काढायला सुरुवात केली. कपाळ आलं, हनुवटी आली. डोळे काही येईनात. रेघ तुटायची, पापणी खाली ओघळायची, डोळ्यांखाली नको तिथं सुरकुत्या पडायच्या. तीनदा पुसलं. चौथ्यांदा हातात जोरच उरला नाही, तेव्हा जसं होतं तसं राहू दिलं.

खुशालराव बराच वेळ पाहत उभे होते. पस्तीस वर्षांचा दोस्त, खोटं कसं बोलणार? ‘‘हा कप्तान नाही वाटत, धर्मपाल,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘हा तर कोनी थकेल म्हातारा दिसते.’’

धर्मपाल खुशालरावांच्या चहाच्या हॉटेलच्या पायरीवर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. एका माणसानं जन्मात एक गोष्ट मागितली, आणि तीही आपल्या हातून झाली नाही. दुर्गाबाई पाणी घेऊन आली, त्यानं घेतलं नाही. खुशालरावांनी त्याला न विचारताच फोटो काढून देवधरांच्याच नंबरवर रागिणीला पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं. खुशालरावांनी ते मोठ्यानं वाचलं. ‘काका, तुम्ही मामांना कधी पाहिलं होतंत? ते तर कुणाला जवळ येऊ देत नव्हते. शेवटच्या महिन्यात ते अगदी असेच दिसायचे. हेच डोळे.’

धर्मपालनं ते पुन्हा वाचायला सांगितलं. खुशालरावांनी पुन्हा वाचलं. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, फळ्याजवळ गेला. नावाखाली वय लिहायचं राहून गेलं होतं, ते त्यानं लिहिलं.