आबांच्या नावानं सोडलेला वळू

वडील गेले तेव्हा त्यांच्या नावानं काय करावं यावर आम्हा भावांत वाद झाला. धाकटा म्हणत होता पाण्याची टाकी बांधू, तिच्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिता येतं. मी वळू सोडावा म्हणालो. गेलेल्या माणसाच्या नावानं वळू सोडायची आमच्याकडे जुनी चाल आहे, आणि टाकी काही गावभर हिंडत नाही. मी थोरला, माझं चाललं. लाल कंधारी जातीचा देखणा वळू आणला, तेराव्याला हळद लावून, हार घालून वेशीबाहेर मोकळा सोडला. संध्याकाळी तो आपणहून परत आला आणि सरपंचाच्या तुरीत शिरला.

वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. थोड्याच दिवसांत वळूलाही आबा म्हणू लागलं, तेही आदरार्थी.

"आबा रात्री आमच्या कापसात होते."

"मंग हाकलायचं न्हाई का?"

"आबांना कसं हाकलावं?"

वडील हयात असताना त्यांना इतका मान नव्हता, हे त्यांचा मुलगा असूनही सांगतो.

माजावर आलेल्या गायी लोक आबांकडे आणू लागले. पूर्वी वाटूरच्या गुरांच्या दवाखान्यात नेऊन सुई मारून घ्यायचे, म्हणजे कृत्रिम रेतन करायचे. आता सुई म्हणजे आबांचा अपमान ठरला. आबा कामचुकार नव्हते. गाय दिसली की दोनदा सांगावं लागत नसे. बघायला गर्दी व्हायची, एखादा नारळही फुटायचा. आणि तीन आठवडे गेले की तीच गाय पुन्हा माजावर.

वर्ष गेलं, गावात एक वासरू झालं नाही. कारणं पुष्कळ निघाली. मोबाइलचा टॉवर, पेंडीतली भेसळ, मागचं ग्रहण. एका गुरुजींनी हवामानबदलही काढला. प्रत्येक गायीवर शंका घेऊन झाली आणि गायी संपल्या तेव्हा गाव बाईवर आलं.

ती बाई म्हणजे आमची शेजारीण, नात्यानं मला वहिनी. नवरा लवकर गेलेला. एका गायीच्या दुधावर घर चालायचं, दूध वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात जायचं. आता गाय आटत आली होती आणि फळत नव्हती. सगळ्यांच्याच गायी फळत नव्हत्या, पण "तिच्या हाताला गुण न्हाई, तिच्यामुळंच गावाला लागलं" हे सोपं होतं. लोक तिला आपल्या गोठ्यात पाऊल टाकू देईनात.

तीच एकदा पारासमोर थांबून मला म्हणाली, "भावजी, गायींचं पाहून झालं. आता जरा आबांचं पाहा की."

पारावर हशा झाला. "वहिनी, आबांचं काम डोळ्यांनी पाह्यलं न्हाई का?"

"काम पाह्यलं. वासरू दाखवा."

पुढं गुरांच्या लसीकरणाला एक तरुण डॉक्टर आला. वहिनींनी त्याला धरून ठेवलं. त्यानं त्यांची गाय हात घालून तपासली, मग आबांना लिंबाला बांधायला लावून त्यांनाही तपासलं. वहिनी चहा करायला आत गेल्या होत्या. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, गाय एकदम निरोगी आहे. तुमच्या वळूचे अंडकोष जन्मापासूनच वाढलेले नाहीत. अंगात जोर आहे, बीज नाही. सुई मारून घ्या म्हणावं. तुमचा वळू, तुम्हीच सांगितलं तर बरं."

मी जरूर सांगतो म्हणालो. त्याला पुढच्या गावाची घाई होती. त्यानं गाडी काढली.

वहिनी दोन कप घेऊन बाहेर आल्या. "काय म्हणला डॉक्टर? गाय ठेवू का काढू?"

आबा लिंबाखाली रवंथ करत होते. गळ्यात परवाचा सुकलेला हार होता.

"काढा," मी म्हणालो. "गायीतच दोष हाये म्हणतो."

त्यांनी एक कप माझ्या हातात दिला. मी चहा प्यालो.

गाय परतूरच्या बाजारात गेली. पुढं एका लग्नासाठी मी कुंभार पिंपळगावला गेलो, तर शेजारच्या अंगणात तीच गाय उभी, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट, आणि तिला पिणारं वासरू. मालक खुशीत होता. "पहिल्याच सुईत फळली हो. कोन येड्यानं इकली काय माहीत!"

"असतात एकेक," मी म्हणालो.

पण लग्नाचं जेवण गेलं नाही. परत येऊन वहिनींना सगळं सांगितलं आणि दुसरी गाय घेऊन देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "गाय नको. पारावर सांगा."

सांगितलं. पारावरची माणसं ऐकताना मांड्या बदलू लागली. वहिनींची गाय गेल्याचं कुणाला काही वाटलं नाही, आबांच्या पुरुषत्वाचं मात्र प्रत्येकाला स्वतःचं असल्यासारखं लागलं. एक म्हणाला, "म्हातारपनी बापाच्या नावाला डाग लावू राह्यले व्हय?" दुसऱ्यानं माझी साखर तपासून घ्यायला सांगितलं. दुपारी एकजण आबांकडे गाय घेऊन आलाच.

"कुणी ऐकलं न्हाई, वहिनी."

"बायांनी ऐकलं," त्या म्हणाल्या.

मग भर दुपारी, गडीमाणसं झोपली की, बायका एकेक गाय वाटूरच्या दवाखान्याच्या रस्त्याला काढू लागल्या. पुढच्या वर्षी गोठ्यागोठ्यात वासरं हुंदडली. गावानं आबांची वाजतगाजत मिरवणूक काढली आणि मला, संशय घेतला म्हणून, हार घालायला पुढं केलं. मी घातला. म्हणूनच आता लिहून ठेवतो. त्या गायीत दोष नव्हता, वहिनींच्या हातात तर नव्हताच. दोष वळूत होता, आणि तो माहीत असून मी गाय विकायला लावली.

आता गावात कुठलीही गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस वहिनींच्या घरी जातो. पुरुषांना वाटतं, नवस असेल. आमची गायही परवा व्याली. बायकोनं खरवसाचा डबा भरला, मी नेऊन देतो म्हणालो, तर तिनं तो माझ्या हातात दिला नाही. स्वतःच घेऊन गेली.