चारशे ऐंशी सोंडे

"वैनी, माझे सोंडे कुठं हायेत?"

दीर दारात उभा राहून ओरडला तेव्हा मी अंगणात ज्वारीला राख चोळत होते. कोंबड्या पायाशी पेंगत होत्या, त्यांची पोटं तट्ट भरली होती. मी म्हटलं, "कोंबड्यांला इचारा." तो उंबऱ्यावर मटकन बसला. त्याचं तोंड पाहून मला वाटलं, कोणीतरी वारलं.

सोंडे म्हणजे ज्वारीत होणारे बारीक काळपट किडे. आमच्याकडे सुनेच्या धान्यात सोंडे निघणं म्हणजे तिच्या डोक्यात उवा निघण्यासारखं. आतल्या खोलीत आढ्याला चोवीस पुरचुंड्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी आणि आकडा. दिराने सांगितलं होतं, हात लावू नका. का, ते सांगितलं नव्हतं. घरात किडे पाळतोय हे स्वतःच्या आईला सांगायची त्याची हिंमत नव्हती. पोळा झाला, ऊन पडलं, मी एक पुरचुंडी सोडून पाहिली, तर आत सोंडेच सोंडे. सगळ्या सोडल्या. उन्हात घातल्या, सुपाने पाखडल्या, राख आणि कडुलिंबाचा पाला लावला. जात्यावर घालायची म्हटलं तरी ती ज्वारी आता चांगली होती.

"चार महिने मोजायलो मी ते," दीर म्हणाला. "दर ऐतवारी."

"म्हणून तुमी दर ऐतवारी येताव व्हय? आमाला वाटलं मायच्या ओढीनं."

तो हसला नाही. मग त्याने सगळं सांगितलं. आम्ही तेव्हा पूर्णेजवळच्या खेड्यात राहायचो. नवरा रेल्वेत, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये, दीर परभणीला शेतीचं मोठं शिक्षण घेत होता. परदेशातल्या एका संस्थेची फेलोशिप होती. फेलोशिप म्हणजे दोन वर्षं तिकडे राहून संशोधन करायचं आणि सगळा खर्च तिकडच्या लोकांनी बघायचा. सगळ्या देशातून मोजकी पोरं घेणार. अर्जाला स्वतःचं संशोधन जोडायचं होतं, आणि त्याचं संशोधन आत्ताच कोंबड्यांनी खाल्लं होतं. कोणत्या जातीच्या ज्वारीला सोंडे कमी लागतात, हे तो खेड्यातल्या घरात, पुरचुंड्यांत खेड्यातलेच सोंडे घालून पाहत होता. अर्ज जायला दोन महिने उरले होते. पुढच्या साली त्याचं वय बसत नव्हतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"आधी बोलला असतास तर?" सासू म्हणाली.

"बोललो असतो तर तूच फेकले असते."

हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो परभणीला जाऊन त्याला शिकवणाऱ्या साहेबांना भेटून आला. साहेब म्हणे पोट धरून हसले. मग म्हणाले, बारा जाती घे, प्रत्येकीच्या दोन पुरचुंड्या कर. एकीत तुझ्या वहिनीची राख आणि पाला, दुसरीत काही नाही. दोन्हींत सोंडे सोड आणि मोज. बी त्यांनी पुन्हा दिलं. सोंडे मात्र गावातलेच पाहिजेत.

"किती?" मी विचारलं.

"एका पुरचुंडीत वीस. चारशे ऐंशी. जिते."

पहिले त्याने पिठाच्या गिरणीतून वेचले होते. गिरणीत किडे असतात अशी तेव्हा गावात बोंब झाली होती, म्हणून गिरणीवाला आता दारात उभं करेना. मारले मी, तर आणायचेही मीच. वाटी घेऊन निघाले.

पावसाळ्याच्या शेवटाला एकाही घरात सोंडे नाहीत असं होत नाही. पण कोण कबूल करतंय! शेजारीण म्हणाली, "आमच्यात? माझ्या हयातीत मी सोंडा बघितला न्हाई. कसा असतो गं?" हे बोलताना तिच्या पदरावरून एक चालला होता. मी वाटी पुढे केली, तर तिने तो चिमटीत मारला. दुसरी म्हणाली, "तुझ्या सासूनं धाडली व्हय आमची कणगी बघाया?" तिसरीने दारच लावलं. चौथी जुनी मैत्रीण होती, तिने आत नेलं, चहा दिला आणि सांगितलं, "तुला म्हणून सांगते, शेजारणीकडं लय हायेत." गावभर फिरून संध्याकाळपर्यंत सतरा मिळाले. त्यातले तीन मेलेले होते.

दीर वाटीकडे पाहत राहिला. "राहू द्या वैनी," म्हणाला, "मी इथंच कुठंतरी नोकरी बघतो." आणि पुस्तकं ट्रंकेत भरायला लागला.

सासू इतका वेळ बाजेवर बसून पाहत होती. ती उठली. दार आतून लावलं. बाजेखाली वाकून चिंध्यांच्या गाठोड्यामागून एक पत्र्याचा डबा ओढला. सासरी दिलेल्या लेकीसाठी तिने चोरून ठेवलेली ज्वारी होती. मला आठ वर्षं त्या डब्याचा पत्ता नव्हता. झाकण काढलं तर ज्वारी आपोआप हलत होती.

ह्याच बाईने एका सोंड्यावरून माझं माहेर उद्धरलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मोज. आणि मी मरूस्तोवर कुठं बोललीस तर बघ."

आम्ही तिघांनी बसून चारशे ऐंशी वेचले. उरलेले कोंबड्यांना दिले.

सात आठवड्यांनी मोजलं. राखेच्या पुरचुंड्यांत सोंडे जवळपास नव्हते, बिनराखेच्यांत पीठ झालं होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. दिराने अर्ज इंग्रजीत लिहिला आणि मला मराठीत सांगितला. "एका अशिक्षित ग्रामीण स्त्रीची पद्धत," असं त्यात होतं. मी म्हटलं, "मी चौथी पास हाय. बदला ते." त्याने सगळं पान पुन्हा टाईप करून आणलं.

दिल्लीला मुलाखतीत त्याला म्हणे सोंड्यांपेक्षा राखेचंच जास्त विचारलं: कोणती राख, किती, चाळलेली की नाही. गोवरीची, दोन मुठी, चाळलेली. मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. फेलोशिप मिळाली. सासूने गावभर सांगितलं की तिच्या लेकाने अभ्यास करून मिळवली. डब्याचं ती बोलली नाही, मीही बोलले नाही.

दीर दोन वर्षांसाठी गेला आणि तिकडेच राहिला. त्या घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. सासू गेली, नवरा गेला, चार वर्षांपूर्वी दीरही तिकडेच वारला. मी आहे.