बाबांना दिसलेली कडी

दिवाळी संपून आठवडा झाला होता. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बाबांनी दुर्बीण मांडली होती. कोलशेतच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हौसेसाठी त्यांनी घेतलेली ही एकच वस्तू. शनी संध्याकाळी वर यायला लागला की बिल्डिंगमधली आठ-दहा माणसं रांग लावायची. ज्यांना साडेसाती चालू असे ते आधी दुर्बिणीला हात जोडायचे. बाबा हसायचे, पण कुणाला अडवायचे नाहीत.

मी घोडबंदर रोडला राहते. त्या रविवारी ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून पोचले, तेव्हा बाबा रंगात येऊन सांगत होते, "कडी आज सुरेख दिसतायत. नीट बघा, मधली काळी फटसुद्धा कळते."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुर्बिणीला डोळा लावून उभ्या होत्या. "मला तर नुसता ठिपका दिसतोय, काका. सुई आरपार घातल्यासारखा."

"घाई करू नका. डोळा स्थिरावू द्या."

काकूंनी पुन्हा पाहिलं. "हां, दिसली, दिसली," म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मग मी डोळा लावला. काकूंचंच बरोबर होतं. साधारण पंधरा वर्षांतून एकदा कड्यांची नुसती धार आपल्याकडे येते आणि छोट्या दुर्बिणीतून ती जवळजवळ नाहीशी होतात. लहानपणी हे मला बाबांनीच समजावलं होतं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अहो बाबा, कडी आत्ता दिसतच नाहीयेत! पेपरात आलेलं की."

बाबा फोकसचा स्क्रू उगाच फिरवत राहिले.

"उन्हाळ्याआधी मिटली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, एव्हाना उघडली असतील."

लोक "छान दिसलं हं काका" म्हणत एकेक करून उतरले. आम्ही शेवटी निघालो. जिन्यात दिवे होते, तरी बाबा प्रत्येक पायरी आधी पावलाने चाचपत होते.

आई भाकरी थापत होती. मी ओट्याशी जाऊन विचारलं, "बाबांना दिसत नाही का गं?"

तिने गॅस बंद केला. "दीड वर्ष झालं. कडेकडेनं जात चाललंय. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

"आणि पेपर?"

"मीच वाचून दाखवते. मथळे आणि निधनवार्ता. ते ग्रहताऱ्यांचं मला कुठे वाचता येतंय धड?"

मी तिच्यावर खूप ओरडले. खरं तर दर रविवारी मी तिथेच असायचे. त्यांच्या हातून बशीबाहेर सांडलेला चहा मी पुसलेला होता, एकदा नाही, चार वेळा तरी. पुसताना माझ्या दुसऱ्या हातात फोन असायचा.

ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, मध्यावर थोडी उरलीय तेवढी जपायची, म्हणाले. म्हणजे आकाशातला एखादा ठळक ठिपका शोधण्यापुरती. बाकी सगळं ते आठवणीतून सांगत आले होते.

रिक्षात बाबांनी विचारलं, "चिडलीस?"

"आधी बोलला असतात तर वेळेवर काहीतरी करता आलं असतं."

"तू आधी दुर्बीण बंद केली असतीस."

खरंच केली असती.

त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत. माघ उलटल्यावर त्यांनीच दुर्बीण विठ्ठलवाडीजवळच्या एका शाळेला द्यायची ठरवली. ती न्यायला विज्ञानाच्या बाई स्वतः आल्या. तरुण होत्या, उत्साही होत्या. "काका, पहिल्या दिवशी तुम्हीच यायचं. मुलांना तुमच्यासारखं कोण दाखवणार?"

"त्यांची तब्येत जरा..." मी सुरुवात केली.

बाबांनी हाताने मला थांबवलं. "मला दिसत नाही, बाई," ते म्हणाले.

घराबाहेरच्या माणसाला हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. बाई "हो का" म्हणाल्या, खोक्याची दोरी पुन्हा एकदा घट्ट केली आणि उतरून गेल्या. बाबा बराच वेळ दारात उभे होते. आईने हाक मारल्यावर ते आत आले. दार उघडंच राहिलं होतं, ते मी उठून लावलं.