साडी सोडलेला कोपरा

आमच्या अकोले तालुक्यात सैन्यातून परत आलेला माणूस मेजरच असतो, मग तो तिथं कांदे का सोलत असेना. मी सतरा वर्षं ट्रक चालवला. रायफल हातात यायची ती कधीमधी, फायरिंग रेंजवर, आणि समोर असायचा पुठ्ठा. निवृत्तीनंतर बँकेवर गार्ड झालो, लायसन्स काढलं, रायफल घेतली. तीही नुसती खांद्यावर मिरवली. जिवंत काही म्हणून मारलेलं नव्हतं. पण गावाला हे कोण सांगणार? "मेजर हायेत की, डुकरांचं बघतील ते," म्हणून गाव मोकळं झालं.

डुकरांचं बघणं भागच होतं. डोंगराच्या पायथ्याला आमची भाताची चार खाचरं. सगळ्यात वरचं आईचं. सातबारा माझ्या नावावर असला तरी तिला विचारल्याशिवाय तिथं पाय टाकायची सोय नाही. त्या खाचरात ती काळभाताचं बियाणं धरते, तिच्या सासूकडून आलेलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी दुकानातलं बी धरलं, हिनं हे सोडलं नाही. गेल्या साली रानडुकरांच्या कळपानं एका पहाटे ते खाचर पार उकरून टाकलं. आईनं चिखलातून लोंब्या वेचल्या, धुतल्या, वाळवल्या, आणि जेवढं हाती लागलं तेवढं यंदा त्याच खाचरात लावलं. घरात आता मूठभरही उरलेलं नव्हतं. हे गेलं की ते बी कायमचं गेलं.

म्हणून मी वनखात्याचे उंबरे झिजवले. अर्ज, पंचनामा, पुन्हा अर्ज. शेवटी डुक्कर मारायची परवानगी मिळाली, पंधरा दिवसांची. आपल्याच शेतात, उजेडात, जखमी करून सोडायचं नाही, आणि मांसाला कुणी हात लावायचा नाही. शेवटची अट ऐकून निम्म्या गावाचा उत्साह मावळला.

खाचराभोवती आईनं जुन्या साड्यांचं कुंपण केलेलं होतं. डोंगराकडची बाजू मी तिला मोकळी ठेवायला लावली, म्हणजे डुकरं तिथूनच उतरतील. रोज झुंजूमुंजू व्हायला मी हिरड्याच्या झाडाखाली जाऊन बसायचो. दोन दिवस झाले, पाच झाले, दहा झाले. डुक्कर सोडा, शेपटीसुद्धा दिसेना. शेजाऱ्यांची खाचरं मात्र रोज उकरलेली. टपरीवर चहा प्यायला गेलो की, "मेजर, डुकरांनी तुमची मिल्ट्री वळखली जनू!" मी वरवर हसायचो, पण आतून नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर चहा तसाच टाकून उठलो.

तेराव्या दिवशी दिवस मावळायला खाचरावर गेलो, तर मोकळ्या ठेवलेल्या बाजूला आई वाकलेली. हातात पिशवी, त्यातून काहीतरी काळं काळं पसरत होती.

"काय गं हे?"

"केस. सलूनवाल्याकडनं आनते. मानसाच्या वासानं डुकरं फिरकत न्हाईत."

"रोज टाकतेस?"

"मग? रोज."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेरा पहाटा थंडीत कुडकुडत बसलो मी, आणि घरच्याच माणसानं दार लावून घेतलेलं! ओरडलोच तिच्यावर. "अगं, आलीच नाहीत तर मारू कुणाला?"

"न आलेली बरी न्हाईत व्हय? भात दुधात हाय, दाना आत्ता कुठं भरतोय. येक घास बी द्यायचा न्हाई मला."

"आणि परवानगी संपल्यावर? तोवर शेजारची खाचरं संपतील, मग ती इकडंच येतील. भुकेपुढं तुझे केस काय करणार? गेल्या साली डबा बडवत होतीसच की, तरी आलीच ना?"

तिनं एकवार भाताकडं बघितलं. मग पिशवीचं तोंड बांधलं, ओढ्याकडच्या कोपऱ्यात गेली आणि तिथली साडी स्वतःच्या हातानं सोडली. घडी करून काखेत धरली.

"तिकडं केसांचा वास बसलाय, हितून येऊ दे. येकदाच. आन् चुकलास तर मला तोंड दावू नगंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तीच साडी काखेत घेऊन माझ्या मागं येऊन बसली. घरी थांब म्हटलं तर डोळे वटारले. मी जागा बदलली, वारा तोंडावर येईल आणि गोळी डुकरामागच्या उंच बांधात जाईल अशी. फटफटलं, लोंब्या दिसायला लागल्या आणि ओढ्यातून ते वर आलं. एकटंच, थोराड, सुळे बाहेर आलेलं. सोडलेल्या कोपऱ्यात थबकलं, नाक वर केलं, आणि आत शिरून खायलाच लागलं.

डुक्कर तोंड माझ्याकडं करून उभं. अशी गोळी घातली तर ते जखमी होऊन पळणार, हे माझ्यासारख्या ट्रकवाल्यालाही कळत होतं. आडवं व्हायला हवं होतं. ते एकेक लोंबी ओरबाडत होतं, कचकच आवाज येत होता, आणि प्रत्येक घासाला मागं आईचा श्वास अडकत होता. बोट घोड्याशी शिवशिवत होतं. मनात म्हटलं, सगळं खाचर खाल्लं तरी चालेल, घाईत उडवणार नाही. दात आवळून बसलो. शेवटी ते वळलं. खांद्यामागं नेम धरला, श्वास सोडला आणि घोडा दाबला.

ते दहा पावलं धावलं आणि बांधाला धडकून पडलं. हललं नाही.

"पडलं!" मी लहान पोरासारखा ओरडलो. मागं बघतो तर आई खाचरात शिरलेली. आडवी झालेली ताटं उचलून चार-चारची एकत्र बांधत होती, काखेतल्या साडीच्या चिंध्या फाडून. "लई येळ लावलास," एवढंच म्हणाली.

वनरक्षक आला, पंचनामा झाला, डुक्कर खड्ड्यात पुरलं. टपरीवर चहा फुकट मिळाला. मी आठवडाभर छाती फुगवून हिंडलो, खोटं कशाला बोलू! मोकळ्या जागी आईनं परत साड्या बांधल्या, केस आता साड्यांच्या आत-बाहेर दोन्हीकडं पडत होते, आणि कळप काही फिरकला नाही. भात पिकलं. कापायला लागलो, ओढ्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो, तर आईनं हात धरला.

"तेवढं राहू दे."

"अगं, बियाणं आहे ते! एक घास द्यायचा नव्हता ना तुला?"

"बी पुरंल येवढं झालंय." ती बांधाकडं बघत होती. "मारायचं हुतं, मारलं. माझं काय म्हननं न्हाई. पन मीच दार उघडलं रं त्याला. जेवायला बोलावलं आन् ताटावर मारलं."

तेवढा कोपरा सोडून मी पुढं कापायला लागलो.